सामायिक बिटकॉइन-व्यवहारांतील रचनादोष व शुल्कन्याय : एक चिकित्सा

ग्रेगरी मॅक्सवेल यांनी २०१३ मध्ये मांडलेल्या 'कॉइनजॉइन' पद्धतीत अनेकांच्या रकमा एकाच व्यवहारात एकत्र येऊन समान मूल्याच्या हिश्श्यांत परत जातात. त्यामुळे कोणता हिस्सा कोणाचा, हे बाहेरून ओळखणे कठीण होते. मराठवाड्यातील भिशीप्रमाणे येथेही परस्परसहकार्य हाच पाया आहे. मात्र सहभागी परस्परांस अपरिचित असतात.

आरंभीच्या रचनांत समान हिश्श्यांनंतर उरणारी सुटी रक्कम मूळ धारकाशी सहज जोडता येई. शिवाय एकाने स्वाक्षरी नाकारल्यास ती फेरीच निष्फळ ठरते.

शुल्काचा प्रश्न अधिक गंभीर आहे. मायनिंग शुल्क रकमेवर नव्हे, तर व्यवहाराच्या आकारमानावर ठरते. परिणामी थोडे थोडे जमविणाऱ्या लहान धारकावर प्रमाणाने अधिक भार पडतो. 'वसाबी २.०'ने २०२२ मध्ये ०.३ टक्के समन्वयशुल्क ठेवून ०.०१ बिटकॉइनपर्यंत सूट दिली. तथापि वरील भार त्यामुळे हलका झाला नाही. 'व्हर्लपूल'मध्ये जुन्या सहभागींच्या पुनर्मिश्रणाचा मायनिंग खर्च नवागत उचलत. जुन्यांमुळे नवागतांची गोपनीयता वाढते, हे समर्थन अंशतःच ग्राह्य आहे. कारण जुन्यांचा लाभ पुढेही विनामूल्य चालू राहतो.

चिटफंड अधिनियम, १९८२ मध्ये फोरमनच्या कमिशनवर मर्यादा असून २०१९ च्या दुरुस्तीने ती ५ वरून ७ टक्के झाली. समन्वयकाच्या शुल्कावर अशी मर्यादा नाही. 'वसाबी'च्या मूळ कंपनीने १ जून २०२४ रोजी समन्वयसेवा थांबविली, तेव्हा एका केंद्रावरील अवलंबित्वही उघड झाले. म्हणून शुल्कसूत्र पूर्वघोषित व प्रत्येक सहभागीस पडताळता येण्याजोगे असणे अपरिहार्य ठरते.