जुना रेडिओ ‘नवा’ करताना काय पुसलं जातं?

व्हॉल्व्हचे जुने रेडिओ दुरुस्त करण्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. सुरुवातीला धुळीने भरलेला खोका, शेवटी पॉलिश मारलेला, ठाण्याच्या कारखान्यात बनलेला मर्फी गायला लागतो. बघायला मजा येते. पण संशोधनाच्या बाजूने या कामावर माझी एक तक्रार आहे.

समजा, जुन्नर तालुक्यात निमगाव सावाला कुणाच्या माळ्यावर असा सेट सापडला. वीज नसलेल्या गावात हे सेट कोरड्या बॅटरीवर चालायचे: फिलामेंटला दीडेक व्होल्ट, प्लेटला 90च्या आसपास. वीज आली की मेकॅनिक बॅटरीच्या जागी एलिमिनेटर जोडून द्यायचा. कंपनीच्या सर्किटमध्ये नसलेला डबा, वेगळ्याच रंगाची वायर, ओबडधोबड सोल्डरिंग. सेट ‘मूळ रूपात’ आणणारा हौशी माणूस नेमकं हेच आधी कापून टाकतो. आपल्यासाठी मात्र पुरावा तोच! वीज आल्यावरही या घराने नवा सेट घेतला नाही, जुनाच चालवला. का? तुमचा प्रश्न इथे सुरू होतो.

सगळं जसंच्या तसं ठेवा, असं मी म्हणत नाही. जुने मेणकागदाचे कंडेन्सर गळतात, आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर डीसी जातो आणि व्हॉल्व्ह तापून खराब होतो. ते बदलायलाच हवेत. आक्षेप आहे तो काहीही न नोंदवता कचऱ्यात टाकण्यावर.

1956 साली पुणे आकाशवाणी केंद्र आणि युनेस्को यांनी 150 गावांत शेतकरी श्रोता मंडळांचा प्रयोग केला. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूरथ यांनी त्याचा अभ्यास केला. लोकांनी काय ऐकलं, काय चर्चा केली, काय शिकले, हे तिथे शोधता येतं. ग्रामीण रेडिओवर लिहिताना आपण सगळे तिकडेच धावतो. पण खेड्यातला एखादा सेट पुढची वीस वर्षं कुणी आणि कशाच्या जोरावर चालू ठेवला, हे प्रश्नावलीपेक्षा चासीच्या खालच्या बाजूला जास्त स्पष्ट लिहिलेलं असतं.

तेव्हा असा सेट हाती आला तर लगेच प्लगमध्ये घालू नका. मागचं झाकण काढा आणि थांबा. आधी फोटो. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत, कुठून काढला ते लिहून. घरात पोस्टाचं रेडिओ लायसन्सचं पुस्तक आहे का विचारा. त्यातली वर्षं दुरुस्त्यांशी ताडून बघता येतात. आणि तो मेकॅनिक हयात असेल तर पॉलिशवाल्याच्या आधी त्याला गाठा.