दोषांचा रकाना

संगणकाच्या उपयोगाची माहितीपुस्तिका हा वाङ्मयाचा एक प्रकार आहे असें आम्हीं म्हटलें, तर पुष्कळ वाचक हंसतील. अडल्यावांचून जिच्याकडे कोणी वळत नाहीं आणि अडचण सुटतांच जी पुन्हां कपाटांत जाते, तिला साहित्याच्या पंक्तीस बसवावयाचें तें कशाच्या बळावर? आमचें उत्तर असें कीं, गद्याची खरी पारख अडलेल्या वाचकापुढेंच होते. कादंबरींतील सैल वाक्य रसिक उदारपणें सोडून देतो. पगारपत्रकें संध्याकाळच्या आंत निघावयाचीं असतां पुस्तिकेंतील सैल वाक्य कारकुनाची रात्र खातें. कचेरीच्या कामाचें गद्य आपल्याकडेहि कोणी हलकें मानलेलें नाहीं. दप्तरलेखनाचे संकेत सांगणारें मेस्तक हेमाडपंतासारख्या प्रधानाच्या नांवावर परंपरेनें सांगितलें जातें, तें उगीच नव्हे.

या दृष्टीनें आमच्या पाहण्यांतील सर्वांत लक्षणीय पुस्तिका म्हणजे ‘युनिक्स प्रोग्रॅमर्स मॅन्युअल’. अमेरिकेंत न्यू जर्सी राज्यांतील मरे हिल येथें बेल लॅबोरेटरीज या संशोधनसंस्थेंत केन टॉम्सन व डेनिस रिची यांनीं युनिक्स ही संगणकप्रणाली उभारली. यंत्र पदरांत पडावें म्हणून वरिष्ठांस जें कारण सांगण्यांत आलें, तें मजकूर लिहिण्याची व छापण्याची सोय करण्याचें; आणि १९७१ च्या उत्तरार्धांत संस्थेच्या पेटंट खात्याचे तीन टंकलेखक त्या यंत्रावर दिवसभर पेटंटचे अर्ज खरोखरच लिहीत बसत. पुस्तिकेच्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे.

तिची रचना अगदीं साधी. प्रत्येक आज्ञेला आपलें स्वतंत्र स्थान, माथ्यावर तारीख, मग आज्ञेचें नांव, ती लिहावयाची रीत, ती काय करते, कोणत्या फाइलींस हात लावते, आणि तिचा धनी कोण. या शेवटल्या जागीं त्या धन्याचीं आद्याक्षरें. याखेरीज आणखी एक मथळा असे: ‘बग्ज’, म्हणजे दोष. दोष ठाऊक नसेल तेथें नुसती रेघ. पण मथळा गाळावयाचा नाहीं. आपल्या मालाच्या वेष्टनावरच त्याचें व्यंग छापणारा व्यापारी आम्हीं अद्याप पाहिलेला नाहीं, आणि म्हणूनच या मथळ्यापाशीं आम्ही प्रथम थबकलों.

एक उदाहरण घेऊं. फाइली एकापुढें एक जोडून दाखविणारी ‘कॅट’ नांवाची आज्ञा आहे. दोन फाइली जोडून होणारा मजकूर त्या दोहोंपैकींच एकींत ठेवावयास सांगितला, तर काय होतें? आधींच्या आवृत्तींत दोषांच्या रकान्यांत एवढेंच आहे कीं, परिणाम चमत्कारिक होतात. १९७९ च्या जानेवारींतील सातव्या आवृत्तींत तेंच स्थळ पाहावें. तेथें वाचकाला सावध करून कारणहि दिलें आहे: मूळ फाइल वाचली जाण्यापूर्वींच ती नष्ट होते. पहिलें वाक्य खरें आहे, पण तें वाचून माणूस बुचकळ्यांत पडतो. दुसरें वाक्य त्याची फाइल वांचवितें. लेखकानें मधल्या काळांत विशेषण टाकून क्रियापद धरलें, इतकाच काय तो फरक. शैलीची चर्चा करणाऱ्यांनीं याहून चांगलें उदाहरण शोधून दाखवावें.

परंतु या रकान्याचें खरें काम पानावर दिसत नाहीं. सातव्या आवृत्तीचे संपादक डग्लस मॅक्इलरॉय यांनीं सांगितलें आहे कीं, नवी आवृत्ति निघण्याची वेळ आली कीं सर्वांची एकच धांदल उडे. एखादी ओबडधोबड गोष्ट कागदावर लिहूं लागलें म्हणजे ती छापावयाची लाज वाटे. मग पुस्तिकेंतलें वाक्य बदलण्याऐवजीं आज्ञावलीच बदलीत, कांहीं काढीत, कांहीं घालीत, जेणेंकरून ती सरळ शब्दांत सांगतां यावी. येथें लेखणी ही कानस झाली. प्रणालीच्या अवस्था ओळखल्या जात त्याहि पुस्तिकेच्या आवृत्तींवरून: १९७५ ची सहावी, १९७९ ची सातवी. सॉफ्टवेअर सुधारणें आणि त्याची पुस्तिका लिहिणें हीं दोन कामें आहेत, हा विचारच त्या मंडळींस परका होता.

हें सर्व मान्य करूनहि पुस्तिकेचे दोष सांगणें परीक्षकास प्राप्त आहे. आज्ञा वर्णानुक्रमानें लाविल्या आहेत. जिचें नांवच ठाऊक नाहीं ती आज्ञा नवशिक्यानें कोठें शोधावी? लेखन बरोबरीच्या माणसांसाठीं आहे. पेटंट खात्यांतील टंकलेखकांचें या पानांवर भागलें असेल, असें आम्हांस वाटत नाहीं. आणि याच प्रणालींतील ‘एड’ हा मजकूर दुरुस्त करण्याचा कार्यक्रम, चूक कोणतीहि असो, वापरणाऱ्यास नुसतें प्रश्नचिन्ह दाखवून मोकळा होत असे. दोष कबूल करणाऱ्यांना दुसऱ्याची चूक समजावून सांगण्याचा मात्र कंटाळा!

अशा मौनाची किंमत कधीं कधीं भयंकर असते. ‘थेरॅक-२५’ हें कर्करोगावर किरणोपचार करणारें संगणकचलित यंत्र. १९८६ च्या मार्चमध्यें टेक्सस राज्यांतील टायलर येथें उपचार चालूं असतां त्याच्या पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ एवढेंच उमटलें. चालकासाठीं दिलेल्या पुस्तिकेंत या आंकड्यांचा उल्लेखहि नव्हता. असले संदेश नेहमींचेच, म्हणून चालकानें काम पुढें चालविण्याची कळ दाबली. रुग्णास अतोनात किरण बसले, व कांहीं महिन्यांनीं तो वारला. एप्रिलमध्यें तेथेंच पुन्हां तसेंच घडलें. मूळ दोष आज्ञावलींत होता: भरलेली माहिती चालकानें फार चपळाईनें दुरुस्त केली, तर यंत्राची आंतली मांडणी तिच्याशीं जुळत नसे. म्हणजे हात जितका सरावलेला, तितका धोका अधिक. हा दोष तेव्हां कोणास ठाऊक नव्हता हें खरें. पण आंकड्याचा अर्थ सांगणारें एक वाक्य पुस्तिकेंत असतें, तर तो हात क्षणभर थांबला नसता काय?

आतां आजच्याकडे वळूं. सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवूं नये असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. २०१७ च्या १२ मे रोजीं ‘वॉनाक्राय’चा हल्ला होऊन ब्रिटनमधील कित्येक सार्वजनिक रुग्णालयांचे संगणक अडले, ज्या छिद्रांतून तो शिरला तें बुजविणारी दुरुस्ती मार्चमध्येंच निघाली होती, परंतु ती सर्वत्र बसविलेली नव्हती. तथापि माणसें दुरुस्ती पुढें कां ढकलतात, याचें एक कारण आमच्या मतें वाङ्मयीन आहे. अपडेटबरोबर येणारी टीप वाचावी: ‘कांहीं दोष दूर केले, काम सुधारलें.’ कोणते दोष? काय सुधारलें? कालपर्यंत जें बटण उजवीकडे होतें तें कोठें गेलें? या टिपेला तारीख असते, पण धनी नसतो. आणि कचेरीच्या मांडणीवर पडलेल्या पुस्तिकेंत तर तीन अपडेटपूर्वींचीं चित्रें असतात.

आमच्या परिचयाच्या एका शिक्षणसंस्थेच्या कचेरींत ज्येष्ठ कारकून असलेल्या एक बाई आहेत. फी व पगार यांच्या सॉफ्टवेअरची पुस्तिका निरुपयोगी झाल्याचें त्यांच्या ध्यानांत आलें, तेव्हां त्यांनीं एक दोनशें पानी वही घातली. अपडेट आलें कीं त्या वहींत तारीख पडते. काय बदललें तें एका ओळींत. आणि तांबड्या शाईनें ‘हें करूं नये’. पावती छापल्यावर मागें जाऊं नये, नाहीं तर नंबर दोनदां पडतो. महिनाअखेर दुपारीं चारनंतर पगारपत्रक काढूं नये. युनिक्सचें नांव बाईंनीं ऐकलेलें नाहीं. वही आम्हीं दोन दिवस वाचावयास आणली होती; अक्षर वळणदार, वाक्यें आंखूड, आणि कोठेंहि ‘चमत्कारिक’ हा शब्द नाहीं. गेल्या वर्षीं कंपनीचा माणूस नवें अपडेट बसवावयास आला होता. जातांना त्यानें त्या वहीची झेरॉक्स मागून नेली.