भूमिका-खेळातील पात्रांचे कालबाह्य ज्ञान : एक चिकित्सा

प्रस्तावना :
गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. मेजाभोवती बसून संवादातून कथा रचणाऱ्या या खेळप्रकारात खेळाडूला जे ठाऊक असते ते सारे त्याच्या पात्राला ठाऊक नसते. छापील नियम अपुरे पडतात तेथे प्रत्येक मंडळ आपले घरचे नियम ठरवते. पात्राच्या अज्ञानाहून त्याच्या कालबाह्य ज्ञानाचा प्रश्न अधिक बिकट आहे. अज्ञानी पात्र विचारपूस करते. शिळ्या वार्तेवर विसंबलेले पात्र निःशंकपणे चुकते.

विवेचन :
पानिपतावर बेतलेला असा खेळ कल्पून पाहावा. युद्ध झाले १४ जानेवारी १७६१ रोजी. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना भेलशाच्या परिसरात सावकारी पत्रातून पराभव कळला, तो सुमारे दहा दिवसांनी. तोवर पेशव्यांच्या लेखी विश्वासराव व सदाशिवरावभाऊ हयातच होते. खेळाडूला मात्र निकाल आधीच ठाऊक असतो.

येथे दोन घरचे नियम संभवतात. पहिल्यानुसार सूत्रधार विसंगत कृती रद्द करतो. त्यामुळे शिस्त राहते, परंतु खेळाडू केवळ आज्ञाधारक उरतो. दुसऱ्यानुसार पात्राला काय ठाऊक आहे हे फासा ठरवतो. हा नियम सोयीचा असला तरी सदोष आहे. वार्ता उशिरा पोहोचण्यामागे अंतर, तुटलेल्या वाटा, शत्रूची नाकेबंदी अशी कारणे असतात. फासा ती पुसून टाकतो.

याहून ग्राह्य नियम असा : पात्राच्या प्रत्येक माहितीपुढे तिची तारीख व ती आणणाऱ्याचे नाव नोंदवावे, नवा जासूद येईपर्यंत तीच माहिती प्रमाण मानावी. मग पेशव्यांची कूच मूर्खपणाची न ठरता करुण ठरते.

या नियमालाही मर्यादा आहे. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी वार्ता पोहोचल्यावरही वैधव्य स्वीकारले नाही. त्यांचे ज्ञान जासुदाअभावी जुने राहिले नव्हते. नवी वार्ता त्यांनी नाकारली होती. म्हणून वार्तेचे आगमन नियमाने ठरवावे, तिच्यावरील विश्वास खेळाडूवर सोपवावा.

निष्कर्ष :
कालबाह्य ज्ञान हा खेळातील दोष नसून पात्राच्या काळाचा पुरावा आहे. भूतकाळातील माणसांना आपले उत्तरकालीन शहाणपण उसने देण्याचा मोह कादंबरीकाराला व इतिहासाच्या अध्यापकालाही होतो. तो आवरण्याची सवय असा घरचा नियम लावू शकतो.