न्यायशास्त्राकडून लोकदैवतांकडे : सोंथायमर ह्यांच्या अभ्यासाची दिशा आणि वाशिमची साक्ष

१

गुंथर-दीत्स सोंथायमर (१९३४–१९९२) हे नाव मराठी अभ्यासकाला परिचित आहे ते बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा ह्या दैवतांमुळे. ह्या तीन दैवतांवरील त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ॲन फेल्डहाउस ह्यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १९८९ मध्ये आला. हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेतील हा प्राध्यापक धनगरांच्या वाड्यांवर मुक्काम करतो, त्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित करतो, जेजुरीच्या जत्रेत वावरतो, हे चित्र आपल्याकडे आदराने रंगवले गेले आहे. त्या आदरात एक गोष्ट मात्र सहसा निसटते. सोंथायमर मुळात कायद्याचे अभ्यासक होते. लंडनमध्ये जे. डंकन एम. डेरेट ह्यांच्या परंपरेत त्यांनी हिंदू विधीचा अभ्यास केला. हिंदू एकत्र कुटुंब ह्या संस्थेच्या विकासावरील त्यांचा ग्रंथ १९७७ मध्ये, म्हणजे दैवतांवरील ग्रंथानंतर प्रसिद्ध झाला. त्यांचा कायदेविषयक व्यासंग हा पूर्वायुष्यातील एक वळसा होता, अशी समजूत ह्या सनावळीपुढे टिकत नाही.

दैवताच्या कथेवर अंतिम अधिकार कोणाचा, ग्रंथाचा, न्यायालयाचा की ती कथा पिढ्यान्‌पिढ्या चालवणाऱ्या समूहाचा, हा प्रश्न सोंथायमर ह्यांच्या दोन्ही कार्यक्षेत्रांच्या मुळाशी आहे. त्यांची कारकीर्द ह्या एका प्रश्नाचा पाठपुरावा म्हणून वाचली, तर तिचे मोल आणि तिची मर्यादा ही दोन्ही स्पष्ट होतात.

२

१९६४ मध्ये सोंथायमर ह्यांनी भारतातील धार्मिक देणग्या आणि हिंदू देवतेचे विधिमान्य व्यक्तित्व ह्या विषयावर एक दीर्घ निबंध लिहिला. हा विषय वरवर रुक्ष वाटतो, पण त्यात मोठा पेच दडलेला आहे. मीमांसक शबरांच्या मते देवतेला शरीर नाही आणि तिचे द्रव्यावरील स्वामित्व हा केवळ औपचारिक व्यवहार आहे. ब्रिटिश अमदानीतील न्यायालयांनी मात्र मूर्तीला कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती मानले. १९२५ च्या एका प्रसिद्ध निर्णयात तर प्रिव्ही कौन्सिलने मूर्तीच्या इच्छेचाही विचार व्हावा अशी भूमिका घेतली. शास्त्राने नाकारलेले व्यक्तित्व न्यायालय देते आणि भक्ताला ह्या दोहोंची गरज नसते. त्याचा देव जेवतो, झोपतो, रुसतो, शिकारीला जातो.

हा तिसरा, भक्ताचा देव न्यायशास्त्राच्या परिभाषेत मावत नव्हता. १९७६ चा ग्रंथ त्याच्या शोधात निघालेला आहे. आरेवाडीचा बिरोबा, वीरचा म्हस्कोबा, जेजुरीचा खंडोबा हे देव स्थलांतर करतात, भक्तामागून चालत येतात, दोन बायका करतात. खंडोबाची म्हाळसा वाणी आणि बानू धनगर आहे. ह्या दुहेरी विवाहात सोंथायमर ह्यांना शेतीची वस्ती आणि मेंढपाळांचे रान ह्यांचा संबंध उलगडताना दिसला. पठाराच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात पावसाळा काढून पुढे चाऱ्यासाठी बाहेर पडणारे धनगर, त्यांच्या वाटा, त्यांची ठाणी आणि देवांची ठाणी ह्यांचा मेळ त्यांनी घालून दाखवला. कायद्याने देवाला मालमत्तेचा धनी केले होते. सोंथायमर ह्यांनी त्याला एका समूहाचा सोयरा म्हणून ओळखले.

३

साहित्यसमीक्षेच्या दृष्टीने ह्यातील महत्त्वाचा भाग पुराव्याच्या निवडीचा आहे. संस्कृत मल्हारी माहात्म्यात मणि-मल्लांचा वध केंद्रस्थानी आहे, तर लोकगीतांत बानूचे प्रकरण. रूढ भाष्यपद्धती पहिल्या पाठाला मूळ आणि दुसऱ्याला अपभ्रंश मानते. सोंथायमर ह्यांनी हा क्रम स्वीकारला नाही. त्यांच्या लेखी गायन आणि गद्य निवेदन ह्यांच्या सांध्यावर उभी असलेली धनगरी ओवी ही स्वतंत्र अधिकाराची संहिता आहे. माहात्म्य हे तिच्याच एका अंगाचे नंतरचे, विशिष्ट वर्गाच्या सोयीचे संस्करण असू शकते. यादवकालीन समाजाच्या अभ्यासासाठी ते ‘लीळाचरित्रा’कडे वळले, त्यामागेही धर्मशास्त्राच्या आदेशापेक्षा घडलेल्या व्यवहाराची नोंद मोलाची मानण्याचीच वृत्ती दिसते. शास्त्र आणि रूढी ह्यांतील तफावतीकडे पाहण्याची विधिज्ञाची सवय येथे संहितासमीक्षेची दृष्टी बनली आहे.

मराठी समीक्षेने ह्या दृष्टीचा पुरता लाभ घेतला असे म्हणवत नाही. रा. चिं. ढेरे ह्यांनी १९६१ मध्येच ‘खंडोबा’ लिहिला होता. पुढे ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) ह्या ग्रंथात विठ्ठलाच्या गोपजनीय मुळांचा विचार झाला आणि दैवतशास्त्रात सोंथायमर-ढेरे असा संवाद रुजला. पण मौखिक ओवीला ‘संहिता’ म्हणताना तिची रचना, तिच्यातील पुनरुक्ती, गायक आणि श्रोते ह्यांचे नाते ह्यांची जी चिकित्सा हवी, ती तुरळकच राहिली. सोंथायमर ह्यांच्या संग्रहातील बिरोबा व धुळोबा ह्यांची दीर्घ कथने २०१४ मध्ये इंग्रजीत ग्रंथरूपाने आली. अशा कथनांच्या चिकित्सक मराठी आवृत्त्या सिद्ध करणे हे मराठी विभागांचे काम होते. लोकसाहित्य म्हणजे समाजशास्त्राचा कच्चा माल, ही समजूत त्या कामाच्या आड आली असावी.

४

कोणत्याही उपपत्तीची परीक्षा तिच्या जन्मभूमीबाहेर होते. सोंथायमर ह्यांचा महाराष्ट्र मुख्यतः देशावरचा आहे आणि इंग्रजी ग्रंथाच्या शीर्षकातही ‘पश्चिम भारत’ असाच उल्लेख आहे. तेव्हा ही उपपत्ती वऱ्हाडात, विशेषतः वाशिम जिल्ह्यात नेऊन पाहणे उद्बोधक ठरते.

वाशिम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. राजशेखराने काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू ह्यांचा विवाह ह्याच नगरीत लावून दिला. ‘हरिविजय’ ह्या प्राकृत काव्याचा कर्ता सर्वसेन हा येथील शाखेचा संस्थापक होय. अभिजात संहितेचा एवढा भक्कम वारसा असलेल्या ह्या प्रदेशात आज ज्या दोन स्थळांकडे धर्माभ्यासकाचे लक्ष प्रथम जाते, ती दोन्ही त्या वारशाच्या बाहेरची आहेत.

पहिले स्थळ शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ. अचलपूरच्या राजाला जलाशयाच्या प्रभावाने रोगमुक्ती मिळाली, मूर्ती सापडली, ती गाडीत घालून नेताना मागे वळून पाहू नये अशी अट होती, राजाने वळून पाहिले आणि मूर्ती शिरपूरलाच अधांतरी राहिली, अशी परंपरेची कथा आहे. भक्तामागून देव येतो आणि भक्ताने वळून पाहताच तेथेच स्थिरावतो, हा कथाबंध महाराष्ट्रातील कितीतरी लोकदैवतांच्या स्थानकथांत आढळतो. रानातून वस्तीकडे येणाऱ्या देवाचा हाच कथाबंध जैन तीर्थंकराच्या कथेत राजाश्रयाच्या वेषात दिसतो. हेच स्थळ न्यायालयीन इतिहासाचेही आहे. दिगंबर आणि श्वेतांबर पंथीयांत १९०५ मध्ये पूजेच्या वेळा ठरल्या, पुढे वाद वाढला आणि १९२९ मध्ये तो प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९८१ पासून सुमारे चार दशके मंदिर बंद राहिले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशानंतर २०२३ मध्ये ते उघडले. कथा सांगते की मूर्ती कोठे राहायचे ते स्वतः ठरवते. न्यायालयाला मात्र तिचे व्यवस्थापन कोणी करावे आणि तिला लेप कोणी द्यावा हे ठरवावे लागते. १९६४ चे सोंथायमर आणि १९७६ चे सोंथायमर एकत्र आल्याखेरीज शिरपूर समजत नाही.

दुसरे स्थळ मानोरा तालुक्यातील पोहरादेवी, सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे बंजारा समाजाची काशी मानले जाणारे. बंजाऱ्यांचे भटकणे चाऱ्यामागून जाणारे नव्हते. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहणारे हे तांडे व्यापारी वाटांनी चालत. रेल्वेने त्या वाटा निकामी केल्या आणि १८७१ च्या कायद्याने भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारण्याचा मार्ग खुला झाला. त्यामुळे रान आणि वस्ती ह्या जोडीत पोहरादेवी नीट बसत नाही. येथे ‘वाट’ हे तिसरे पद लागते. धनगराचा देव ऋतुमानाप्रमाणे पुन्हा पुन्हा होणाऱ्या फिरतीवर उभा आहे. पोहरादेवीचे माहात्म्य मात्र फिरती थांबलेल्या समूहाला एकत्र येण्यासाठी लागलेल्या केंद्राचे आहे. गोरबोलीतील लेंगी आणि लडी ह्यांचा अभ्यास ह्या भेदाचे भान ठेवूनच करावा लागेल. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. ग्रंथ, न्यायालय आणि समूह ह्यांच्या जोडीला दैवतकथेवर अधिकार सांगणारे संग्रहालय हे चौथे स्थान अशा रीतीने सिद्ध झाले आहे.

५

हेरमान कुल्के ह्यांच्यासह संपादिलेल्या १९८९ च्या ग्रंथात सोंथायमर ह्यांनी हिंदू धर्माचे पाच घटक मांडले: ब्राह्मणांचे कार्य व शिकवण, संन्यास, आदिवासी धर्म, लोकधर्म आणि भक्ती. हे घटक सुटे नाहीत, त्यांची परस्परक्रिया महत्त्वाची, असे त्यांचे प्रतिपादन होते. वाशिमची साक्ष ह्या प्रतिपादनाला दुजोरा देते आणि त्याच्या चौकटीला तडाही देते. शिरपूरचा कथाबंध लोकधर्माचा असूनही त्याचे धनी जैन आहेत. पोहरादेवीचा समूह आदिवासी, लोकधर्मी की भक्तिमार्गी, हे एका घटकात बसवता येत नाही. परस्परक्रियेचे तत्त्व खरे मानले, तर ती ‘हिंदू’ ह्या सीमेपाशी थांबते असे मानण्याचे कारण उरत नाही. सोंथायमर ह्यांच्या पद्धतीचा तर्क त्यांच्या सूत्रापेक्षा अधिक दूर जातो.

सोंथायमर अठ्ठावन्नाव्या वर्षी गेले. हेनिंग स्टेग्म्युलर ह्यांच्यासह केलेले जेजुरी व पंढरीच्या वारीवरील चित्रपट आणि मरणोत्तर प्रसिद्ध झालेले लेखसंग्रह पाहिले, म्हणजे कथा जेथे चालते तेथे जाऊन ती ऐकण्याची त्यांची निष्ठा कोठेही ढळलेली दिसत नाही. त्यांच्या निष्कर्षांची उजळणी पुष्कळ झाली आहे. त्यांची पद्धत घेऊन त्यांच्या नकाशात नसलेल्या शिरपूर-पोहरादेवीसारख्या स्थळांच्या कथांचे पाठ नोंदवणे, त्यांतील भेद टिपणे आणि त्या पाठांवर कोण कोणता हक्क सांगतो ते तपासणे, हे काम शिल्लक आहे. ते मराठीतच होऊ शकते. वऱ्हाडी, गोरबोली आणि जैनांच्या व्यवहारातील मराठी एकमेकींत कोठे मिसळतात, हे हायडेलबर्गहून नव्हे, वाशिमच्या बाजारातच ऐकू येते.