भूत घरचे असेल तर

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा भाचा पुण्याहून कंधारला आला, तो वीस पैलूंचा एक फासा आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक बरोबर घेऊनच. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हे त्या खेळाचे नाव. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो १९७४ साली बाजारात आणला. टेबलाभोवती चौघा-पाचांनी बसायचे, एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली पात्रे व्हायचे आणि संकट आले की फासा टाकायचा. थोडक्यात, आजीची गोष्ट आणि सारीपाट यांचा संसार.

त्या पुस्तकात मंत्रांची एक मोठी यादी आहे. तिच्यातल्या एका मंत्रावर मी अडलो. त्याला मराठीत 'हद्दपारी' असेच म्हणावे लागेल. २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीत तो चौथ्या पायरीचा मंत्र आहे. साठ फुटांच्या आत, डोळ्यांना दिसणाऱ्या एका जीवावर तो टाकता येतो. मात्र त्या जीवाला न आवडणारी एखादी वस्तू हाती लागते. हे वाचून मला हसू आले. आपल्याकडची मिरच्यांची धुरी आणखी निराळी काय असते?

पण पुढच्या अटी वाचल्या आणि हसू थांबले. समोरच्याला फासा टाकून मंत्र झिडकारण्याचा हक्क आहे. मंत्र लागला तरी टाकणाऱ्याने मिनिटभर चित्त एकाग्र ठेवले पाहिजे. तेवढ्यात कोणी घाव घातला आणि चित्त ढळले, की घालवलेले भूत जिथून गेले तिथेच परत उभे! आणि सर्वांत मोठी अट ही, की जो जीव परलोकातून आलेला आहे, तोच मिनिट पुरे झाल्यावर कायमचा आपल्या घरी जातो. जो इथलाच आहे, तो कुठल्याशा निरुपद्रवी पोकळीत मिनिटभर अडकून राहतो आणि मिनिट सरले की आपल्या जागी हजर होतो.

"मामा, मंत्र फार कच्चा आहे," अशी भाच्याची तक्रार. मला उलट वाटते. साऱ्या पुस्तकात हीच अट लिहिताना लेखकाने खरा विचार केला आहे.

आमच्या कंधारजवळ मानसपुरीला क्षेत्रपालाच्या एका प्रचंड मूर्तीचे अवशेष आहेत, राष्ट्रकूटांच्या काळातले. क्षेत्रपाल म्हणजे हद्दीची राखण करणारा देव. बाहेरून येणाऱ्यासाठी तो ठीक. परंतु आपली भुते बाहेरून येतात कुठे? मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेला, तो मुंजा होऊन पिंपळावर बसतो. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. म्हणजे कोणाचा तरी मुलगा, कोणाची तरी सून. सगळी इथलीच, एकाच घरातली. खेळाच्या नियमाने पाहिले तर यांतले एकही मिनिटाच्या वर दूर राहणार नाही. आपल्या पुष्कळशा भयकथांना मात्र हे मान्य नसते. शेवटच्या पानावर मांत्रिक येतो, मंत्र हमखास लागतो आणि वाड्यात उजाडते. वाचक निर्धास्त झोपतो. पण मग तो आधी घाबरला तरी कशाला?

'तुंबाड' हा राही अनिल बर्वे यांचा २०१८ सालचा हिंदी चित्रपट याला मोठा अपवाद. त्याची प्रेरणा आपल्या नारायण धारपांची. त्यातला हस्तर हा देवीचाच पहिला मुलगा, तिच्याच गर्भात दडलेला. त्याला कोणी घालवू पाहत नाही, कारण त्याला जायला दुसरी जागाच नाही. विनायक पिठाचे रिंगण आखून आत उभा राहतो, कणकेची बाहुली पुढे करतो आणि तेवढ्या वेळात मोहरा पळवतो. रिंगण आहे म्हणून तो शहाणा ठरतो. अधिक बाहुल्या नेल्या की रिंगण अपुरे पडते. कुठल्याही मंत्राचे भय मला त्या पांढऱ्या रेघेइतके वाटलेले नाही.

हे सारे खेळ-सिनेमापुरतेच असते तर मी लिहायला बसलो नसतो. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या वर्गातली एक मुलगी आठ दिवस आली नाही. आली तेव्हा डोळे सुजलेले, मनगटांवर दोरीचे वळ. तिला 'बाहेरचे' लागले होते म्हणे. पहिल्या दिवशी धुरीने भूत गेले नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी जास्त मिरच्या. तेव्हाही गेले नाही, म्हणून छडी. मंत्र फसला असे त्या माणसाने एकदाही म्हटले नाही. भूत हट्टी आहे, एवढेच तो म्हणत राहिला, आणि त्या हट्टाची किंमत पोरीच्या अंगावरून वसूल होत राहिली. मी घरच्यांशी बोललो ते त्यानंतर. आधी चौकशी करायचे मला सुचले नव्हते.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. ज्या कायद्यासाठी ते अनेक वर्षे झटले, तो त्याच वर्षी आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हे त्याच्या अनुसूचीत अगदी आरंभी आहे; शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. धुरीचे नाव तिथे वाचले, तेव्हा इंग्रजी पुस्तकावरचे माझे हसू मला फारसे शोभले नाही.

खेळात एक उणीव मात्र आहे. त्यात भूत म्हणजे लढाईतला एक शत्रू, त्याला ढकलायचे कसे एवढाच प्रश्न. सुट्टीच्या शेवटी मुलांनी मला गोष्ट सांगायला बसवले. मी पिंपळावर मुंजा बसवला. भाच्याने लगेच हद्दपारी टाकली, फासा चांगला पडला, मुंजा गेला. मिनिट सरले आणि तो त्याच फांदीवर परत आला. दुसऱ्यांदा टाकली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा भाचा फासा उचलणार, तोच शेजारची धाकटी, जी आतापर्यंत नुसती बघत होती, म्हणाली, "पण त्याला पाहिजे काय, ते तर विचारा."

पुस्तकात यासाठी नियम सापडेना. जेवणे निवून गेली.