‘काव्हालेरिया रुस्तिकाना’ : वास्तव आणि गायन

पिएत्रो मास्कान्यी यांची ‘काव्हालेरिया रुस्तिकाना’ ही एकांकी संगीतिका १७ मे १८९० रोजी रोम येथे प्रथम रंगभूमीवर आली. जोव्हान्नी व्हेर्गा यांची कथा व तिचे त्यांनीच केलेले नाट्यरूप (१८८४) हा तिचा आधार होय. तिची वास्तवता सामान्यतः कथावस्तूत शोधली जाते : सिसिलीतील खेडे, ईस्टरचा दिवस, प्रतारणा आणि सूड. परंतु जेथे सर्वच गायिले जाते, तेथे वास्तव कशास म्हणावे, हा मूळ प्रश्न त्यामुळे अस्पर्शितच राहतो. त्याचे उत्तर सांतुत्झा व तुरिद्दू यांच्या प्रवेशात मिळते.

परित्यक्ता सांतुत्झा व तुरिद्दू यांचा कलह विकोपास जात असता पडद्याआडून लोलाचे गाणे ऐकू येते. ‘स्तोर्नेल्लो’ या लोकगीतप्रकाराच्या वळणाचे ते हलके, निश्चिंत गाणे आहे. कलह करणाऱ्या दोघांच्या दृष्टीने त्यांचे गायन हे बोलणेच असते. लोला मात्र खरोखर गाते आणि ते त्या दोघांना ऐकू येते. येथे गाणे हीच घटना ठरते. या रचनेची पूर्वसूचना प्रारंभीच्या वाद्यसंगीतातच आहे. ह्याच द्वंद्वगीतातील विस्तीर्ण स्वरावली तेथे चालू असता, पडदा उघडण्यापूर्वी, लोलास उद्देशून तुरिद्दूने सिसिलीच्या बोलीत गायिलेले गीत तीस छेद देते. उलट, शेवटी त्याच्या वधाची वार्ता एक स्त्री ओरडून सांगते. ती उक्ती गायिली जात नाही. अखंड गायनानंतर आलेले हे निव्वळ बोलणेच प्रेक्षकास हादरविते.

मराठी संगीत नाटकात हा परिणाम साधणे कठीण. कारण तेथे गद्य नित्याचेच असते. तेथे पदालाच आपले प्रयोजन सिद्ध करावे लागते. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त (१९१९) तान्ह्या बाळाला घास भरविताना सिंधू गाते, ते पद या कसोटीस उतरते; कारण तशा प्रसंगी कोणतीही माता गाईल. केवळ दुःख आळवण्यासाठी आलेल्या पदाला हा आधार नसतो. त्याची भिस्त गायकाच्या गळ्यावर राहते.

गाणे आले की वास्तव ढळते, हा संगीत नाटकावरील आक्षेप म्हणूनच सरसकट ग्राह्य धरता येत नाही. वास्तवता गाण्याच्या अभावात नसून, पात्र केव्हा गाते आणि केव्हा गात नाही, यांमधील भेद नाटककाराने अर्थपूर्ण करण्यात आहे.