कोयत्याच्या पाठीवरचे घाव

सुरगाण्याच्या आठवडे बाजारात कोयता घेणारा माणूस धारेकडे नंतर वळतो. आधी नखाने पातं वाजवतो, मग पाठीवरून अंगठा फिरवतो. तिथे हातोड्याचे उथळ खळगे असतात, वर काळी साल आणि धारेकडे कानशीने घासलेली पांढरी पट्टी. याला कुणी सजावट म्हणत नाही. मला मात्र आपल्या लोहारकामातला सर्वांत देखणा पोत हाच वाटतो, आणि तो डोळ्यांदेखत पुसला जातो आहे.

ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा तुकडा भट्टीत लाल होतो. जोडीदार घण घालतो, कारागीर हातोड्याने आकार धरतो. पातं निवत आलं की शेवटचे घाव हलके, एकाला एक लागून पडतात आणि माशाच्या खवल्यांसारखी रांग उमटते. हात बसलेला नसेल तर खळगे खोल पडतात. ते घासून काढायला जावं तर पातं पातळ होतं. साल म्हणजे तापलेल्या लोखंडावर चढलेला ऑक्साइडचा थर. ती घट्ट बसली असेल तर गंज उशिरा धरतो. राबासाठी, म्हणजे शेतात भाजणीसाठी, फांद्या तोडून झाल्यावर कोयता पावसाळाभर ओलसर कुडाला टांगलेला राहतो, तिथे ही साल कामाची.

आता गिऱ्हाइकाला चकचकीत पातं हवं असतं. ग्राइंडर फिरतो, खळगे जातात, सालही जाते. घाईत कड निळी पडली, म्हणजे उष्णता 300 अंशांच्या आसपास पोचली, की दिलेलं पाणी उतरतं आणि धार वळू लागते. यात लोहाराला दोष देववत नाही. चकाकीलाच दर मिळतो.

शहरात याच्या उलट चाललं आहे. हौशी सुरीकार दोन जातींचं पोलाद थरावर थर जोडतात, पिळतात, फेरिक क्लोराइडमध्ये बुडवतात. निकेलचा थर उजळ राहतो, दुसरा काळवंडतो. हे काम कसबाचं आहे, त्याबद्दल मला आदर आहे. पण बाजारात साध्या पात्यावर लेझरने ओढलेल्या लाटाही ‘दमास्कस’ म्हणून विकल्या जातात. हे नाव मुळात ज्याच्याशी जोडलं गेलं, त्या दक्षिण भारतातल्या मुशीतल्या पोलादाची नक्षी कर्बाच्या रचनेतूनच उमटायची. लोहाराचा मुलगा असलेल्या मायकेल फॅरडेने 1819 मध्ये त्याच पोलादाचं पृथक्करण केलं. पोत आतून आला की वरून लावला, माझ्या लेखी कसोटी एवढीच. त्या कसोटीवर सुरगाण्याचा कोयता जुन्या जौहरदार, म्हणजे पोलादातच नक्षी असलेल्या, तलवारीच्या पंगतीत बसतो. शस्त्रांवर लिहिणारे आपण कोफ्तगरीच्या सोनेरी तारेपाशी रेंगाळतो, या खळग्यांपाशी थांबत नाही.

माझ्याकडच्या कोयत्यावर असे 19 खळगे आहेत. मुठीपासून बारावा तिरका पडलाय, बहुधा सांडशीतली पकड बदलताना. तेरावा पुन्हा रांगेत आहे.